श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) : नव्या विचाराचे स्वागत करणारा राजा

॥ श्री ॥

बडोद्यास पाहुणा आला की आपण त्यास लक्ष्मीविलास राजवाडा दाखवतो, कमाटीबागेत नेतो, तेथील संग्रहालय दाखवतो आणि परतताना न्यायमंदिराची वास्तू दुरून का होईना पण आवर्जून दाखवतो. या सर्वांशी जोडलेले नाव आबालवृद्धांस ठाऊक आहे. मात्र ज्या स्वभावामुळे हे सारे उभे राहिले तो स्वभाव दगडविटांत दिसत नाही. एखादी नवी रीत कानी आली की ती प्रथम नीट समजून घ्यावी, लहान जागी करून पाहावी, उपयोगी ठरली तर वाढवावी व न ठरली तर मोकळ्या मनाने सोडून द्यावी, अशी श्रीमंत सयाजीराव महाराजांची कार्यपद्धती होती. महाराजांचे चरित्र अनेकांनी विस्ताराने लिहिले आहे. आम्ही येथे त्यांच्या या एका गुणापुरते लिहीत असून, धर्मकार्याशी ज्याचा संबंध येतो त्या भागाकडे थोडे अधिक लक्ष दिले आहे. कारण देवस्थानचा कारभार पाहणाऱ्यांस त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. पाळण्यातील नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्याच एका दूरच्या शाखेतले, परंतु राहणी साध्या शेतकऱ्याची. इकडे बडोद्यास १८७० साली खंडेराव महाराज निवर्तले व त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. ब्रिटिश रेसिडेंटावर विषप्रयोग झाल्याच्या प्रकरणात चौकशी होऊन १८७५ साली मल्हाररावांस पदच्युत करण्यात आले. तेव्हा खंडेरावांच्या राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि त्यांनी गोपाळरावांची निवड केली. निवडीच्या वेळी या मुलाने काय उत्तर दिले ती आख्यायिका बडोद्यातील प्रत्येक घरात सांगितली जाते, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही.

आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. बारा वर्षांच्या त्या मुलास तोपर्यंत अक्षरओळख नव्हती. ज्या वयात इतर राजपुत्र घोड्यावरून शिकारीस जातात त्या वयात गोपाळराव पाटीवर मुळाक्षरे गिरवीत बसले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्यांना जवळजवळ एकाच वेळी शिकाव्या लागल्या. इलियट हे इंग्रज गृहस्थ त्यांचे शिक्षक होते, तर राज्यकारभाराचे पाठ दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून मिळाले. उशिरा शिकणाऱ्यास आपल्याला काय येत नाही याची जाणीव सदैव राहते. पुढे साऱ्या हिंदुस्थानात नाव झाल्यावरही महाराज जाणत्या माणसासमोर विद्यार्थ्यासारखे बसत, त्याचे मूळ या उशिराच्या धुळाक्षरांत असावे, असे आमचे मत आहे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. तेव्हा वय अवघे अठरा. राज्य एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे प्रांत इतरांच्या मुलखात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले. महाराजांनी प्रथम या प्रांतांत हिंडून परिस्थिती डोळ्यांनी पाहिली. शहरात विहिरींच्या पाण्यामुळे रोगराई होई, म्हणून आजवा येथे मोठा तलाव बांधून नळाने पाणी आणण्याची योजना हाती घेतली व १८९० नंतर लवकरच ते पाणी शहरात खेळू लागले. त्या सयाजी सरोवराचे पाणी आजही आपल्या नळास येते.

परंतु त्यांच्या कार्यपद्धतीचा खरा नमुना म्हणजे सक्तीचे प्राथमिक शिक्षण. प्रत्येक मुलामुलीने शाळेत गेलेच पाहिजे व त्यासाठी पालकांस खर्च पडू नये, ही कल्पना तेव्हा हिंदुस्थानात कोठेही अमलात आलेली नव्हती. इंग्रज सरकारही त्यास तयार नव्हते. महाराजांनी सर्व राज्यात एकदम हुकूम काढला असता तर कागदोपत्री मोठे नाव झाले असते. त्यांनी तसे केले नाही. १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्याचा लहानसा भाग निवडून तेथे हा प्रयोग सुरू केला. राजधानीपासून दूरचा मुलूख, लोक बहुतांशी शेतकरी. मूल गुरांमागे हवे, मुलगी घरी धाकट्या भावंडास सांभाळावयास हवी, या अडचणी खऱ्याच होत्या. शिक्षक कोठून आणावे, मूल न पाठवणाऱ्यास दंड किती करावा, मुलींस कोणत्या वयापर्यंत सक्ती असावी, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले व तेथेच त्यांची उत्तरे शोधण्यात आली. तेरा वर्षे हा अनुभव घेतल्यावर १९०६ साली संपूर्ण राज्यास कायदा लागू झाला. पुढे १९११ मध्ये नामदार गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. ते विधेयक संमत झाले नाही, ही गोष्ट निराळी. तेरा वर्षे वाट पाहणारा सुधारक विरळा. सुधारणेची घाई असलेल्यांस ही मंदगती वाटेल, आणि जुन्यास चिकटून राहणाऱ्यांस हीच घाई वाटली होती.

शाळा झाल्या, पण शाळा सुटल्यावर खेड्यातील मुलगा चार वर्षांत वाचावयाचे विसरतो, असे दिसून आले. यावर उपाय म्हणून महाराजांनी ग्रंथालयांकडे पाहिले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास आणून त्यांच्याकडे नवे ग्रंथालय खाते सोपवले. बोर्डन यांनी येथील तरुणांस ग्रंथपालनाचे शिक्षण दिले व तीनेक वर्षांनी ते मायदेशी परतले. खाते आपल्या माणसांनी पुढे चालवले. खेड्यातील ग्रंथालयासाठी तर मोठी शहाणपणाची योजना होती. गावाने ठरावीक रक्कम जमवावी, तेवढीच भर पंचायतीने घालावी व तेवढीच सरकारने. ज्या गावास गरज वाटे ते गाव स्वतः पुढे येई. जेथे ग्रंथालय शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात व वाचून झाल्या की दुसऱ्या गावी जात. मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयातील काचेच्या फरशा व लोखंडी घोडे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. वरच्या मजल्याचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून ती काच आहे. मराठी व गुजराती भाषांत चांगले ग्रंथ निर्माण व्हावेत म्हणून त्यांनी दोन लाख रुपयांचा निधीही बाजूस काढला. त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला निघाली.

प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असे मात्र नाही. सरकारी भांडवलाने कापडाची गिरणी चालवून पाहिली. तो धंदा सरकारच्या हातात नीट चालत नाही असे दिसताच ती खाजगी मंडळींकडे सोपवली. १८९० साली निघालेल्या कलाभवनाने मात्र उत्तम मूळ धरले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय शिकवले जात. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी काही काळ तेथेच शिक्षण घेतले. उद्योगास पैसा पुरवण्यासाठी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, तीही कंपनीच्या स्वरूपात.

आता धर्मविषयक बाबींकडे वळतो. या ठिकाणी नवे करणे सर्वांत कठीण असते, कारण येथे सवय व श्रद्धा यांची गाठ पडलेली असते. महाराज स्वतः श्रद्धावान होते. राजघराण्याचे कुळाचार, उत्सव व देवस्थानांची व्यवस्था त्यांनी चालू ठेवली. परंतु जे आपण करतो त्याचा अर्थ आपणांस कळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दानधर्मात सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम सरसकट वाटली जात असे. महाराजांनी तिचा ओघ विद्येकडे वळवला. श्रावणमासातील दक्षिणेसाठी शास्त्राची परीक्षा हा मार्ग रूढ केला, म्हणजे ज्याने अध्ययन केले आहे त्यास मान मिळावा. दान बंद झाले नाही, ते पात्रतेकडे गेले.

१८९६ साली राजवाड्यातील धर्मकृत्ये पुराणोक्त मंत्रांऐवजी वेदोक्त मंत्रांनी करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. क्षत्रिय कुळास वेदमंत्रांचा अधिकार आहे की नाही, हा वाद पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांच्या काळी फार गाजला. पण बडोद्यात तो त्याच्या काही वर्षे आधीच उपस्थित झाला होता.

त्यानंतरचे पाऊल अधिक दूरचे होते. १९१५ साली बडोदे राज्यात हिंदू पुरोहित कायदा झाला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे आणि संस्काराचे वेळी मंत्रांचा अर्थ यजमानास त्याला समजेल अशा भाषेत सांगावा, असा या कायद्याचा गाभा होता. वैद्यास, वकिलास परीक्षा लागते, तर मनुष्याच्या जन्मापासून अंत्येष्टीपर्यंत ज्याच्या हातून संस्कार होतात त्यास ती का नसावी, असा साधा विचार त्यामागे होता. पुष्कळांस हा धर्मात हस्तक्षेप वाटला. आजही राज्यसत्तेने अशा बाबीत कितपत शिरावे याविषयी मतभेद होऊ शकतात व आमच्यातही ते आहेत. तथापि विवाहात वधूवर सप्तपदीच्या प्रत्येक पावलास काय बोलतात हे त्यांनाच ठाऊक नसावे, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका राजास खटकली. आपणांस ती आज किती खटकते, याचा विचार भाविकांनी अवश्य करावा. देवस्थानात नवी पद्धत सुचवली की ती रूढीस धरून नाही एवढ्यावरच चर्चा संपते, असा अनुभव बहुतेक विश्वस्त मंडळांस येत असतो. कोणती रूढी शास्त्रात आहे व कोणती केवळ सोयीने पडली, हे पाहण्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो.

आणि ग्रंथ उघडण्याची सोयही महाराजांनीच केली. त्यांच्या राज्यातील पाटण येथे जैन भांडारांत ताडपत्रांवरील शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. चिमणलाल दलाल या विद्वानाकडून त्यांची पाहणी करवली. अनंतकृष्णशास्त्री यांनी ठिकठिकाणी फिरून हस्तलिखिते जमवली. १९१६ मध्ये राजशेखराची काव्यमीमांसा छापून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेस आरंभ झाला व १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्रपणे उभे राहिले. नव्याची आवड असलेला हा राजा जुन्या पोथीवरील धूळही तितक्याच आस्थेने झाडवून घेत होता. त्यास केवळ पाश्चात्त्यांचा अनुकरणकर्ता म्हणणाऱ्यांनी प्राच्यविद्या मंदिरात एकदा जाऊन यावे.

यापुढील भाग लिहिताना बडोदेकर म्हणून मान खाली जाते, तरी तो गाळता येत नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी १८८२-८३ पासूनच शाळा काढल्या. या शाळांत शिकवण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम पंजाबातून आले व त्यांनी हे काम मनापासून सांभाळले. याच काळात केळुसकर गुरुजींनी मुंबईच्या एका हुशार तरुणाची गाठ महाराजांशी घालून दिली. त्यास पदवीच्या शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर तो तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

शिष्यवृत्तीच्या करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला मनुष्य त्या वेळी राज्यात क्वचितच असेल. पण शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. कचेरीत शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. काही दिवसांनी पथिकाश्रमातील वास्तव्य उघड झाले, काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले. परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. दरबारातून व्यवस्था होऊ शकली नाही. कमाटीबागेत एका झाडाखाली ते काही तास बसून राहिले व रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

महाराजांचा विचार पस्तीस वर्षे पुढे गेला होता. शहराचा गेला नव्हता. राजाने शाळा दिली, पैसा दिला, पद दिले, पण भाड्याची खोली द्यावयाची होती ती आपल्या वाडवडिलांनी. तेथे हुकूम पोचला नाही. बालविवाहाच्या बाबतीतही असेच झाले. १९०४ च्या कायद्याने मुलीचे वय बारा व मुलाचे सोळा ठरले, परंतु अनेक पालक दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरीत. तरीही महाराज थांबले नाहीत. कायद्यात दुरुस्त्या होत राहिल्या. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत संस्थानातील सरकारी देवळे अस्पृश्यांस खुली झाली. त्रावणकोरची प्रसिद्ध घोषणा १९३६ ची, म्हणजे त्यानंतरची.

घरच्या बाबतीत महाराजांची कसोटी लागली ती कन्या इंदिराराजे यांच्या विवाहात. ग्वाल्हेरशी ठरलेला संबंध मोडून त्यांनी कुचबिहारच्या राजपुत्राशी विवाह करण्याचे ठरवले, तेव्हा आईवडिलांनी दीर्घकाळ विरोध केला. विवाहकायद्यांत काळाच्या पुढे गेलेल्या राजासही मुलीचा स्वतंत्र निर्णय चटकन पचला नाही. अखेर १९१३ मध्ये लंडनला हा विवाह झाला. थोरांच्या चरित्रातील असे प्रसंग झाकण्याचे कारण नाही असे आम्हांस वाटते. महाराणी दुसऱ्या चिमणाबाईसाहेबांनी मात्र पडदा टाकून सार्वजनिक कार्यात उडी घेतली. १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

महाराजांचा पहिला परदेशप्रवास १८८७ सालचा. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाण्याचे ते दिवस. त्यानंतर ते पंचवीसच्या आसपास वेळा परदेशी गेले. प्रकृतीची कुरकुर, विशेषतः निद्रानाश, हे एक कारण होते. राजा वरचेवर राज्याबाहेर राहतो ही प्रजेची तक्रार तेव्हा होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र जेथे जात तेथून काहीतरी पाहून येत, आणि आल्यावर ते येथे लागू पडेल की नाही याची चौकशी सुरू होई.

उतारवयातही हे कुतूहल मावळले नाही. १९३१ साली श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू हा कोश निघाला. कारभारातील शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी व इंग्रजी अशा आठ भाषांत शेजारी-शेजारी मांडून त्यातील योग्य शब्द निवडावा, अशी ती कल्पना. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९३३ मध्ये शिकागो येथील दुसऱ्या विश्वधर्म परिषदेतही त्यांनी भाग घेतला. स्वामी विवेकानंदांनी गाजवलेल्या परिषदेस तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. मोठे चिरंजीव फत्तेसिंहराव त्यांच्या आधीच निवर्तले असल्यामुळे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. महाराजांच्या इच्छेस अनुसरून १९४९ साली बडोद्यास विद्यापीठ स्थापन झाले व प्राच्यविद्या मंदिर त्याचा भाग झाले. १९५१ मध्ये तेथील पंडितांनी वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील व निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते पुढे ठेवून, एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहत, सातही कांडांचे ते काम १९७५ साली पूर्ण झाले.

— सचिव, विश्वस्त मंडळ